डिलीट केलेली फाईल हार्ड डिस्कवर उरते कशी?

कॉम्प्युटर बंद केला की रॅममधली माहिती जाते. हार्ड डिस्कवरचे फोटो मात्र वर्षानुवर्षं टिकतात. याचं कारण आहे चुंबकत्व.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या गोल तबकड्या असतात. त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांना न टेकता, काही नॅनोमीटरवर तरंगणारं ‘हेड’ थरातल्या सूक्ष्म भागांची चुंबकीय दिशा बदलतं. या दिशांमधूनच ० आणि १ नोंदवले जातात. वीज गेली तरी दिशा तशीच राहते.

१९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मावत होती ५० लाख अक्षरं. आज खिशात मावणाऱ्या डिस्कवर काही टेराबाइट माहिती बसते.

हाच टिकाऊपणा कधी अंगाशीही येतो. फाईल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला, तरी सहसा फक्त तिची नोंद निघते. त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत मूळ माहिती तिथेच असते आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळते.

त्यामुळे चुकून उडालेली फाईल हवी असेल, तर त्या डिस्कवर नवं काही साठवू नका. आणि जुना कॉम्प्युटर विकताना नुसतं डिलीट करून थांबू नका, संपूर्ण डिस्क ओव्हरराइट करा.