पेशीतला निरोप आणि जेलीफिशचा उजेड

दम लागला की तुम्ही साल्ब्युटामॉलचा पंप घेता आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. या मिनिटांत काय घडते? श्वासनलिकेच्या स्नायूपेशींच्या आवरणावर बीटा-२ नावाचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल समजा. औषध ती वाजवते, मग आत ‘सायक्लिक एएमपी’ हा निरोप्या तयार होतो आणि स्नायू सैल पडतात.

हा निरोप्या अमेरिकेच्या अर्ल सदरलँड यांनी यकृताच्या पेशी फोडून शोधला. १९७१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण पेशी फोडली की ती मरते. निरोप किती होता हे कळते. तो कुठे आणि केव्हा निघाला, हे कळत नाही.

वाट सापडली ती समुद्रात. १९६१ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या फ्रायडे हार्बर येथे हजारो जेलीफिश गोळा केले. त्यांतून कॅल्शियम लागताच निळे चमकणारे प्रथिन मिळाले आणि सोबत हिरवा उजेड देणारे दुसरे, जीएफपी. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवंत कृमीत चमकवून दाखवले. रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९९७ मध्ये दोन रंगांची अशी प्रथिने एकत्र जोडली. कॅल्शियम वाढले की जोडी जवळ येते आणि उजेडाचा रंग बदलतो. हाच बायोसेन्सर. २००८ चे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. प्रॅशर यांना नाही.

आता निरोप जिवंत पेशीत पाहता येऊ लागला, आणि एक जुना समज डळमळला. बेल वाजल्यावर रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो आणि गप्प होतो, असे मानले जाई. २००९ मध्ये थायरॉइड आणि पॅराथायरॉइडशी संबंधित रिसेप्टर आत गेल्यावरही निरोप देताना दिसले. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी बीटा-२ रिसेप्टरही आतून बोलतो, हे दाखवले. त्यासाठी त्यांनी फक्त ‘चालू’ रिसेप्टरलाच चिकटणारा चमकता कण वापरला.

याचा तुमच्या पंपाच्या डोसशी आज संबंध नाही. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. पण औषध कोणती बेल वाजवते एवढेच नव्हे, तर ती कुठून वाजते, हेही आता औषध शोधताना तपासले जाते.