जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी वाचा : कोणतं लिनक्स टाकायचं?

दीपनगर (ता. भुसावळ) : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागतं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पीसीवर ते रीतसर बसत नाही. पण म्हणून मशीन किलोच्या भावाने देऊ नका. लिनक्स फुकट आहे, लायसन्सची भानगड नाही.

आधी एक गोष्ट नीट ऐका. त्या पीसीवर सेवा केंद्राचं अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा डोंगल किंवा टॅली चालत असेल, तर लिनक्स टाकायची घाई करू नका. ही कामं मुख्यतः विंडोजवर धरूनच बनवलेली आहेत. लिनक्सवर अडकलात तर दाखल्यासाठी आलेली माणसं दारात बसून राहतील. पोरांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, सातबारा पाहणं, यूट्यूब, पत्र टाइप करणं एवढंच असेल तर बिनधास्त टाका.

आता निवड. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, रॅम किती आणि प्रोसेसर ६४ बिट की ३२ ते बघा. ४ जीबी आणि ६४ बिट असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. दिसायला विंडोजसारखी, घरातल्यांना शिकवावं लागत नाही. २ जीबीवरही ती बसते, पण क्रोमचे चार टॅब उघडले की रडते. तिथे लुबुंटू बरं. ३२ बिट मशीन असेल तर अँटीएक्स २३. २५६ एमबी रॅमवरही चालू होतं, मात्र व्हिडिओची आशा ठेवू नका. सी-डॅकचं बॉस लिनक्स आपल्या भाषांसाठीच बनवलंय, तेही बघायला हरकत नाही.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. श्रीलिपीच्या जुन्या फाइली मात्र तशाच्या तशा दिसणार नाहीत.

लगेच विंडोज पुसू नका. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफसने लिनक्स चढवा (ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं) आणि त्यावरूनच सुरू करा. बऱ्याच डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबतात. वायफाय, आवाज, प्रिंटर दोन दिवस तपासा. हो, इन्स्टॉल करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा.

आणि पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडी घाला. जुन्या हार्डडिस्कवर कोणतंही लिनक्स टाका, सुरू होईपर्यंत चहा होतो.