रवादिव्य व त्याचे कागद

मराठेशाहींतील दिव्याचा विषय निघाला कीं, कित्येक लेखक त्यास रानटी समजूत ठरवून मोकळे होतात. हें आम्हांस मान्य नाहीं. लेख, भोग व साक्षी हीं तीन प्रमाणें सांगून त्यांच्या अभावींच दिव्य घ्यावें, असें याज्ञवल्क्यस्मृति म्हणते. आणि १७ व्या व १८ व्या शतकांतील महजर चाळतां गोतसभांचा क्रमही बहुधा हाच दिसतो. वतनाच्या तंट्यांप्रमाणें चोरीच्या आळावरही दिव्याची पाळी येई.

दिव्य करणाराच्या हाताचीं नखें काढून, हात धुवून, अगोदरचे डाग टिपून ठेवीत. मग कढत तेलातुपांतून धातूचा रवा त्यानें काढावयाचा. हातास थैली बांधून तीवर मोहोर करीत व ती तिसऱ्या दिवशीं सभेपुढें उघडीत. नवा डाग नसला तर तो खरा. हरणारा यजितपत्र लिहून देई व गुन्हेगारी भरी. पण जिंकणारासही सरकारांत हरकी द्यावी लागे! खरेपणाही फुकट नव्हता.

संग्राहकांस एक विनंती. महजराखालच्या कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या शोभेच्या म्हणून कापून काढूं नयेत. न्यायास कोण बसलें होतें, हें तेथें कळतें. आणि साक्षी फुटले कीं कोणी उभाच राहिला नाहीं, म्हणजे दिव्यावर गोष्ट कां आली, हें वरच्या मजकुरांत. दोन्ही एकत्र असलीं तरच कागद बोलतो.