व्यसनमुक्ती : शपथ, उपचार आणि सोबत

व्यसन हे केवळ दुर्वर्तन नसून तो उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. ही जाणीव महाराष्ट्रात रुजविण्यात जुन्नर तालुक्याच्या एका सुपुत्राचा मोठा वाटा आहे. ओतूर येथे जन्मलेले लेखक डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यातील 'गर्द' अर्थात ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेखन केले. त्यांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात येरवडा येथे 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. औषधोपचार, समुपदेशन, गटचर्चा व कुटुंबाचा सहभाग ही तेथील उपचारांची अंगे होत.

आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील श्रद्धावंत कुटुंबांनी यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट : लपवू नये. लोकलज्जेपोटी गेलेली वर्षे आजार बळावण्यास कारण होतात.

दुसरी गोष्ट : दीर्घकाळ भरपूर मद्यपान करणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. त्यामुळे झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी मृत्यूही संभवतो. आधी मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नकळत अन्नातून दिली जाणारी चूर्णे टाळावीत. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते.

तिसरी गोष्ट : उपचारानंतरची सोबत. घरी परतलेल्या रुग्णाचा पाय पुन्हा घसरू शकतो. तो उपचारांचा पराभव नव्हे. उपचार पुन्हा सुरू करावेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या बंधुभावी संघटनेचे बळ याच नियमित सोबतीत आहे.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२९१) उपचाराव्यतिरिक्त मादक द्रव्यांचे सेवन हा गंभीर अपराध मानला आहे. तथापि अपराधाचा निषेध करताना आजारी बंधूला दूर लोटणे ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. डब्लिनचे मजूर, वंदनीय मॅट टॅलबट (१८५६–१९२५) यांनी १८८४ साली प्रथम तीन महिन्यांसाठी मद्यत्यागाची शपथ घेतली, नंतर ती आयुष्यभरासाठी केली. त्या शपथेला दररोजच्या पवित्र मिस्साचा आधार होता.

म्हणून आम्ही धर्मग्रामांना नम्र विनंती करतो. वेदीसमोर शपथ अवश्य घ्यावी. परंतु त्याच आठवड्यात रुग्णाला डॉक्टरांकडे नेणारा एक सोबती नेमावा. उपवर्गातील युवकांशी दृढीकरण संस्काराच्या तयारीतच या विषयावर मोकळेपणाने बोलावे. रुग्णाच्या पत्नीचे व मुलांचे दुःखही ऐकून घ्यावे. प्रार्थना आणि औषध यांत विरोध नाही. दोन्ही एकाच दयाळू पित्याची देणगी आहे.