बागेतला उतार किती असावा?

संध्याकाळी कोणत्याही सार्वजनिक बागेत डोकावले, की आजी-आजोबांची एखादी बैठक हमखास दिसते. जे त्या बैठकीला येऊ शकत नाहीत, ते मात्र आपल्याला दिसत नाहीत. कोणाला फाटकाजवळच्या तीन पायऱ्या अडवतात, तर कोणाला पाठ नसलेला बुटका बाक. म्हातारपणी चारचौघांत मिसळायचे की घरात बसून राहायचे, हे अनेकदा अशा काही सेंटिमीटरांवर ठरते. ही मापे कशी ठरत गेली, ते आपण पाहू.

सुरुवात इंग्लंडमधल्या डर्बी गावापासून करू. तेथील गिरणीमालक जोसेफ स्ट्रट यांनी गावकऱ्यांना फिरण्यासाठी सुमारे अकरा एकरांची बाग दिली. १६ सप्टेंबर १८४० रोजी ती खुली झाली. तिचा आराखडा जॉन लाउडन यांचा. संधिवाताच्या तापाने त्यांचा गुडघा आखडला होता आणि १८२५ साली उजवा हात कापावा लागला होता. बागेची जागा सपाट होती. लाउडन यांनी वाटांच्या कडेने मातीचे उंचवटे रचून त्यांवर झाडे लावली. त्यामुळे पलीकडची वाट दिसेनाशी होऊन बाग मोठी भासू लागली. चालण्याची वाट मात्र सपाटच राहिली. डोळ्यांना चढउतार मिळाला आणि पायांचे श्रमही वाचले.

पण सगळीकडे जमीन सपाट कोठून मिळणार? मग किती चढ चालेल, याचे उत्तर मिळायला आणखी शतकभर जावे लागले. १९४८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजेंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यांत युद्धात जखमी झालेले सैनिकही होते. चाकांच्या खुर्चीवरून हे विद्यार्थी स्वतः चढ चढून पाहत. या कामातून १९६१ साली अमेरिकेचे पहिले सुगम्यता-मानक तयार झाले. त्यात वार्धक्याने येणाऱ्या अडचणींची वेगळी नोंद आहे. सार्वजनिक पायवाट किमान ४८ इंच, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असावी आणि तिचा चढ वीस मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नसावा. रॅम्पचा चढ फार तर बारास एक असावा आणि दर ३० फुटांवर विसाव्याला सपाट जागा असावी, असे त्यात सांगितले आहे.

बारास एक का, हे वर्गात सहज समजावता येईल. आपण शिकवतो ती उतरण हीच. ३० सेंटिमीटर उंचीसाठी ३.६ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. खुर्ची आणि माणूस मिळून ८४ किलो असतील, तर घर्षण सोडता सुमारे ७ किलोवजनाइतका जोर पुरतो. अंतर वाढते, पण जोर आवाक्यात येतो. बाकाचेही असेच आहे. बैठक बुटकी असली की गुडघे जास्त वाकतात आणि उठताना मांडीच्या स्नायूंवर अधिक ताण पडतो. बाकाला हात असले, तर त्यातला काही भार दंडांवर जातो.

पुढे १९६३ साली ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ सेल्विन गोल्डस्मिथ यांनी अपंगांसाठीच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. सर्वांना वापरता येईल अशा रचनेची कल्पना अमेरिकेतील वास्तुतज्ज्ञ रॉन मेस यांनी मांडली. दोघांनाही पोलिओ झालेला होता. ज्यांना पायरी अडवत होती, त्यांच्याच अनुभवातून ही मापे निघाली, हे आपण ध्यानात घ्यायला हवे.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात रॅम्पची तरतूद झाली; पुढे २०१६ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर ‘नाना-नानी पार्क’ झाले आणि पुढे हे नाव अनेक गावांत पोचले. पण नावाची पाटी लावल्याने पायरी खाली येत नाही.

म्हणून एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना मोजपट्टी आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन जवळच्या बागेत न्यावे. वाटेचा चढ, रॅम्पची लांबी, बाकाची उंची मोजावी. मग आजी-आजोबांना सोबत घेऊन त्याच वाटेने चालावे, ते कोठे थबकतात याची नोंद करावी आणि दोन्ही तक्ते नगरपालिकेकडे द्यावेत. न्यूजेंट यांच्या विद्यार्थ्यांनी केले ते याहून फार वेगळे नव्हते.