ऑर्नेट कोलमनच्या आरंभींच्या तबकड्या

अमेरिकन जॅझ संगीतांत १९५८ ते १९६१ या अवधींत जी खळबळ उडाली, तींत एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या वाद्याचा वांटा मोठा आहे. ऑर्नेट कोलमन या तरुणानें १९५४ सालीं हा आल्टो सॅक्सोफोन विकत घेतला तो हौसेनें नव्हे. धातूचें वाद्य घेण्याची ऐपत नव्हती म्हणून. टेक्सस संस्थानांतील फोर्ट वर्थ येथें १९३० सालीं एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत त्याचा जन्म झाला. फिरत्या मेळ्यांतून वाजवीत असतां १९४९ सालीं बॅटन रूज येथें त्याला मारहाण झाली व त्याचें वाद्य मोडून टाकण्यांत आलें. पुढें लॉस एंजेलिसमध्यें तो एका मोठ्या दुकानांत लिफ्ट चालवी आणि फावल्या वेळीं संगीतशास्त्राचीं पुस्तकें वाची. रात्रीं वादकांच्या बैठकींत हा उभा राहिला कीं कित्येकदां इतर मंडळी व्यासपीठ सोडून निघून जात.

त्याची पहिली तबकडी 'समथिंग एल्स' १९५८ सालीं कंटेम्पररी कंपनीनें काढली. कंपनीचे चालक लेस्टर कोनिग यांच्याकडे तो गेला होता तो आपल्या चाली विकावयास. परंतु त्या ऐकून कोनिग यांनीं त्यालाच वाजवावयास बोलाविलें. नऊही चाली त्याच्या स्वतःच्या आहेत. ही तबकडी आम्हीं अनेक वेळां ऐकली, आणि दर वेळीं एकच गोष्ट खटकली. ती म्हणजे पियानो. वॉल्टर नॉरिस यांचें कौशल्य निर्विवाद आहे; दोष त्यांचा नाहीं. जॅझमध्यें वादकास कल्पनाविलासाची मुभा असते खरी, परंतु प्रत्येक आवर्तनांत स्वरसंघांचा क्रम ठरलेला असतो आणि तान त्यास धरून घ्यावी लागते. पियानो हा त्या क्रमाचा चौकीदार. कोलमनची तान कुंपण ओलांडूं पाहते, आणि चौकीदार तिला परत आणतो.

१९५९ च्या 'टुमॉरो इज द क्वेश्चन' या दुसऱ्या तबकडींत पियानो नाहीं. मग मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे जॉन लुईस यांनीं शब्द टाकला, अटलांटिक कंपनीचें दार उघडलें, आणि २२ मे १९५९ रोजीं हॉलिवुड येथें 'द शेप ऑफ जॅझ टु कम' मुद्रित झाली. तींतील 'लोन्ली वूमन' ऐकावी. बिली हिगिन्सचे ड्रम द्रुत लयींत धांवतात, चार्ली हेडनचा बास आपल्या जागीं घुटमळतो, आणि त्यांच्यावर कोलमन व डॉन चेरी यांची विलंबित, आर्त चाल तरंगत राहते. दोघे बरोबर असूनहि रेसभर मागेंपुढें आहेत. ख्याल ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रीय श्रोत्यास येथें बिचकण्याचें कारण नाहीं; स्वरसंघांवांचूनहि गाणें भरकटत नाहीं, हें त्यास ठाऊकच असतें. हें साम्य अर्थात् फार ताणूं नये. कोलमनच्या वादनास रागाचे निर्बंध नाहींत.

नोव्हेंबर १९५९ मध्यें तो न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट'मध्यें वाजवूं लागला आणि वाद पेटला. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनीं त्यास उचलून धरलें. रॉय एल्ड्रिज व माइल्स डेव्हिस यांनीं नाक मुरडलें. आक्षेप असा कीं, यास नियम येतच नाहींत, म्हणून हा ते मोडतो. आक्षेप क्षुल्लक नव्हता. नियम न येणें व नियम सोडणें यांतील भेद नुसत्या कानानें कसा ओळखावा? आमच्या मतें 'चेंज ऑफ द सेंचुरी'मधील 'रॅम्ब्लिन' हें याचें उत्तर आहे. ही चाल ब्लूजच्या घडणीची. तींत टेक्ससच्या नाचगृहांचा ठेका अस्सल उतरला आहे. ज्यास जुनें येत नाहीं त्याच्या हातून असा ठेका उतरणार नाहीं.

२१ डिसेंबर १९६० रोजीं मुद्रित झालेल्या 'फ्री जॅझ'मध्यें आठ वादक आहेत; चौघांचा एक ताफा डाव्या बाजूस ऐकूं येतो, दुसरा उजव्या. सुमारें ३७ मिनिटांचा हा एकच सलग तुकडा. त्याचें ऐतिहासिक महत्त्व आम्ही मानतों, मात्र पुनःपुन्हा ऐकावासा वाटतो तो 'लोन्ली वूमन'चा कोलमन.

१९६२ च्या अखेरीस त्यानें जाहीर वादन थांबविलें. १९६५ सालीं तो परतला तेव्हां आल्टोखेरीज ट्रंपेट व व्हायोलिन हीं वाद्येंहि त्याच्या हातीं होतीं, आणि दोन्ही तो आपला आपणच शिकला होता. जुना आक्षेप लगेच पुन्हा सुरू झाला.