बॅटरी कुठे ठेवायची?

मंडळी, आमचा पुतण्या बीडच्या गॅरेजमध्ये जुनी विलीज जीप नव्याने उभी करतोय. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली टाकू म्हणाला. अरे बाबा, तिथे पेट्रोलची टाकी असते! ठिणगी पडली म्हणजे?

1912 साली कॅडिलॅकला सेल्फ स्टार्टर आला, हँडल मारणं सुटलं, पण जड बॅटरीला जागा शोधणं आलं. फोर्डच्या मॉडेल टी ला स्टार्टर 1919 पासून मिळू लागला. टाकी पुढच्या सीटखाली, बॅटरी मागच्या फळ्यांखाली. बीटलची टाकी पुढे, बॅटरी मागच्या सीटखाली. अमेरिकेतले हॉट रॉडवाले ती डिकीत नेत, मागच्या चाकांवर वजन पडावं म्हणून. मग केबल लांब नि जाड लागते.

विलीजची बॅटरी बॉनेटखाली, इंजिनशेजारी. आमच्या उन्हात तिथे पाणी लवकर आटतं, हे खरं. तरी तिथेच बसवायची ठरली. पाणी पुतण्याने बघायचं.